ओलीवरची ज्वारी आणि पुनरुत्थान

२ नोव्हेंबर, सोलापूर

आज मृतांचा स्मरणदिन. कबरी धुतल्या जातील, झेंडूचे हार चढतील, मेणबत्त्या लागतील. शहराबाहेर मोहोळ, मंगळवेढ्याकडे काळ्या रानात ज्वारी वाढीला लागली आहे. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय वाचायला याहून चांगला हंगाम नाही. मेलेल्यांचं शरीर कसं उठेल, या प्रश्नाला पौल पेरणीनं उत्तर देतो. पेरताना आपण रोप पेरत नाही, नुसता दाणा पेरतो, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा. त्या 'दुसऱ्या कशाचा'मध्ये आपली मालदांडी ज्वारीही आली.

दाणा मातीत कसा द्यायचा, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. एकरी चार किलो बी. किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं, नाहीतर काणी येते आणि कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, खोली ५ सेंटिमीटर. उथळ पडलं तर वरचा थर सुकतो आणि बी फुगून तिथंच वाया जातं. फार खोल गेलं तर कोंब वर येण्याआधीच दाण्यातला साठा संपतो. नीट पडलेला दाणाही काही दिवसांनी उकरला तर हाती नुसतं टरफल लागतं. वर आलेल्या ताटाला दाण्याचं रूप नसतं, तरी ते त्याच दाण्याचं असतं. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठतं, असं पौल म्हणतो. शरीर इथंच टाकून आत्मा तेवढा उडून गेला, असं तो म्हणत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण कबरीपाशी उभ्या असलेल्या लेकराला आईचे हातच हवे असतात.

याकोबाच्या पत्रातला शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीरानं वाट पाहतो. त्या देशात पहिल्या पावसावर पेरणी होते आणि वसंतातला शेवटचा पाऊस दाणा भरतो. आपल्याकडं उलटं आहे. उत्तरा-हस्ताचा पाऊस आधी पडून जातो, मग पेरणी. त्यानंतर काढणीपर्यंत बहुतेक वर्षी आभाळ कोरडंच. पीक उभं राहतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. माझ्या मते सोलापूरच्या विश्वासणाऱ्याला ही ज्वारी जास्त जवळची आहे. रोज नवा पाऊस मागण्यापेक्षा, ख्रिस्त उठला हे एकदा मुरलेलं सत्य टिकवणं हेच पुष्कळदा काम असतं.

ओल जाते ती भेगांतून. काळी जमीन सुकली की तडकते, मुळं तुटतात, खालचा ओलावा उडतो. म्हणून वरची माती हलवून भेगा बुजवणारी कोळपणी: तिसऱ्या आठवड्यात, पाचव्या आठवड्यात, आणि आठव्यात दातेरी कोळप्यानं. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात. कोळप्यानं पाणी येत नाही, आहे ते राहतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेल्या रानात आता दुसऱ्या कोळपणीची वेळ आहे.

दुःखातल्या घरालाही हेच आठवडे लावावेत. दफनानंतर तीन दिवस घर भरलेलं असतं, डबे येतात, प्रार्थना होतात. तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही, आणि भेगा तेव्हाच पडतात. म्हणून तेव्हा जावं, आणि जाताना भाकरी-कालवण घेऊन जावं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं. 'देवाची इच्छा' म्हणून विषय मिटवू नये. येशूसुद्धा आपल्या मित्राच्या, लाजाराच्या कबरेपाशी आधी रडला. वाचायचं तर १५वा अध्याय अर्ध्यावर सोडू नये. कर्णा वाजून मेलेले उठतील, इथं तो संपत नाही. त्याचं शेवटचं वचन प्रभूमधले श्रम व्यर्थ नाहीत, असं आहे. मग पाचव्या आठवड्यात पुन्हा जावं. आठवा आठवडा नाताळाच्या आसपास येत असेल तर त्या घरी आधी जावं, बाकीच्या भेटी नंतर.