पंचिंग बॅग घेताय? आधी मान वर करून छत बघा

घरी पंचिंग बॅग घ्यायची म्हटली की लोक मोबाईल उघडतात, ब्रँड बघतात, लाल घेऊ की काळी यावर चर्चा करतात, रिव्ह्यू वाचतात, आणि बॅग दारात येऊन पडली की मग विचारतात की आता ही टांगायची कुठे. माझं म्हणणं उलटं आहे. आधी छत बघा, भिंत बघा, वर कोण राहतं आणि खाली कोण राहतं ते बघा, बॅग सगळ्यात शेवटी. घर ठरवतं तुम्हाला कुठली बॅग मिळणार ते, तुमची आवड नंतर.

आम्ही डोंबिवलीत राहतो, दुसरा मजला, चार मजली जुनी बिल्डिंग. लेक नववीत आहे, बॉक्सिंगच्या क्लासला जाते, आणि तिच्या नादाने मीही हात चालवायला लागले (चाळिशीत जिमची मेंबरशिप घेऊन न जाण्यापेक्षा हे बरं). क्लासमध्ये बॅगा कमी, पोरं जास्त, प्रत्येकाच्या वाट्याला दोन राउंड येतात नि संपलं. म्हणून घरी हवी होती.

तर छत. हॉलच्या मधोमध पंख्याचा हुक असतो, तो बघून नव्याण्णव टक्के लोकांच्या डोक्यात एकच कल्पना येते. आमच्या मिस्त्रींनी मी तोंड उघडायच्या आधीच सांगितलं, "ताई, तो हुक पंख्याचा आहे, त्याला हात लावू नका." पंखा चार-पाच किलोचा आणि जागच्या जागी फिरतो. बॅग तीस किलोची, वर ती झुलते, आणि झुलताना ठोसा बसला की तिचा हिसका नुसत्या वजनापेक्षा बराच जास्त असतो, तोही दर सेकंदाला, रोज. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर त्यात काही अडकवायचा विषयच नाही, ते फोडून वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत जायला लागतं.

मग मी म्हटलं बीममध्ये लावू, बीम तर भक्कम असतो. तर म्हणाले बीमच्या पोटात भोक पाडायचं नाही, मेन सळया खालच्या बाजूलाच असतात. त्यांनी जागा काढली ती बीमला लागून असलेल्या स्लॅबमध्ये, कारण खोलीच्या मध्यावर स्लॅब जास्त थरथरतो, कडेला कमी. एका हुकाऐवजी लोखंडी प्लेट, तिला चार भोकं, चार अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट). ड्रिल चालू झालं आणि तिसऱ्या भोकाला आवाज एकदम बदलला, घरघर होती ती किंचाळल्यासारखी झाली आणि बिट पुढे जाईना. सळई लागली होती. जोर न लावता त्यांनी ड्रिल बाहेर काढलं, प्लेट इंचभर सरकवून परत खुणा केल्या. मग सायकलचा पंप घेऊन प्रत्येक भोकातली भुकटी फुस्स करून उडवली, सगळी माझ्या डोक्यावर. भोकात धूळ राहिली तर फास्टनर नीट पकडत नाही म्हणे. शेवटी पान्याने नट आवळले आणि स्वतःच प्लेटच्या कडीला दोन हातांनी लोंबकळले, पाय वर घेऊन, वर एक-दोन झोकेही घेतले. "माझे पासष्ट किलो पेलले बघा, तुमच्या बॅगेचं काय घेऊन बसलात."

भिंतीला ब्रॅकेट लावायचं असेल तर भिंत कशाची आहे ते आधी बघा. बऱ्याच नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती सिपोरेक्सच्या म्हणजे त्या हलक्या पांढरट ब्लॉकच्या असतात, त्यात फास्टनर हळूहळू भोक मोठं करत ढिला होतो आणि एक दिवस ब्रॅकेटसकट खाली. मायवनच्या (साच्यात काँक्रीट ओतून भिंती आणि स्लॅब एकत्र बनवतात त्या पद्धतीच्या) टॉवरमध्ये राहत असाल तर नशीबवान, तिथे बहुतेक भिंती सळ्या घातलेल्या पूर्ण काँक्रीटच्याच असतात, ब्रॅकेट छान बसतं. पण काही टॉवरमध्ये स्लॅब पोस्ट टेन्शनचा असतो, आत ताणलेल्या केबली असतात, तिथे सोसायटीच्या ऑफिसात ड्रॉइंग बघितल्याशिवाय ड्रिल लावूच नका, अगदी मिस्त्री कितीही छातीठोक बोलला तरी. बाल्कनीच्या ग्रिलला टांगायची आयडिया ज्यांना सुचते त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

भाड्याच्या घरात हे सगळं मालक करू देणार नाही, मग उरते उभी बॅग, खाली बेस असलेली. वाईट नसते, पण समजून घ्या. बेसमध्ये पाणी भरलं तर जितके लिटर तितके किलो, कोरडी वाळू भरली तर साधारण दीडपटीहून जास्त. त्यामुळे साठ लिटरच्या बेसमध्ये पाण्याने साठ किलो आणि वाळूने नव्वदच्या वर जातं, तो फरक हुक म्हणजे बाजूने फिरवून मारलेला ठोसा मारताना लगेच कळतो. गुळगुळीत टाइल्सवर ही बॅग सरकत सरकत सोफ्यापर्यंत जाते, म्हणून खाली जाड रबरी मॅट पाहिजेच. आणि वाळू एकदा भरली की घर बदलताना ती काढायची कशी हा प्रश्न त्या वेळच्या तुम्हाला सोडवायचाय. तिसरा पर्याय लोखंडी स्टँड, फॅब्रिकेशनवाला चौकोनी पाइपात बनवून देतो, पण मागच्या पायांवर वजनाच्या प्लेटी किंवा वाळूची पोती ठेवली नाहीत तर स्टँडच नाचतो, जागा भरपूर खातो, आणि बॅगेभोवती गोल फिरता येत नाही. बॉक्सिंगमध्ये अर्धं काम पायांचं असतं त्यामुळे मला ते खटकतं. वन बीएचकेत लटकणारी बॅग असली तरी सभोवती निदान पाच-सहा फूट मोकळे लागतातच, टीव्ही त्या अंतराच्या बाहेर ठेवा.

आता वजन आणि उंची. नवशिक्यांसाठी ढोबळ हिशोब असा की बॅग आपल्या वजनाच्या साधारण निम्मी. मी साठ किलोची, म्हणजे तीस. लेक अठ्ठेचाळीस, तिला चोवीस-पंचवीस पुरे. यावर घरात वाद झाला कारण तिचं दैवत निखत झरीन, २०२२ ला ५२ किलोत वर्ल्ड चॅम्पियन आणि २०२३ ला दिल्लीत ५० किलोत परत, आणि "ती काय पंचवीस किलोच्या बॅगेवर मारत असेल का आई?" नसेल, पण तिचे मनगट आणि खांदे किती वर्षांचे तयार आहेत ते बघ, असं म्हणून मी तीसवर तोडपाणी केलं. फार हलकी बॅग घेतली तर एका ठोशात उडते आणि तुम्ही ती परत यायची वाट बघत उभे राहता, फार जड घेतली तर मनगट आणि खांदा बोलायला लागतात.

लांबीचं म्हणाल तर फक्त हात चालवायचे असतील तर चार फुटी भरपूर झाली. किकबॉक्सिंग किंवा मुए थाय करत असाल, खालच्या किक मारायच्या असतील तर पाच-सहा फुटी लांब बॅग. तीन फुटीवर पोटाचे पंच नीट बसत नाहीत, ती लहान पोरांसाठी ठीक. साखळीचा हिशोब घरीच करा: आमचं छत साडेनऊ फूट, बॅग चार फूट, बॅगेचं बूड कमरेच्या आसपास म्हणजे तीन फुटांवर हवं, तर वर राहिले अडीच फूट, तेवढ्यात पट्टे, साखळी, स्विव्हल, स्प्रिंग सगळं बसायला पाहिजे. स्विव्हल विसरू नका, ती फिरती कडी नसेल तर साखळीला पीळ पडत राहतो.

भरण्यावर मात्र मी जास्त बोलणार, कारण दुकानदार इथेच गप्प बसतात. ऑनलाइन हजार-दीड हजारात दिसणारी बॅग बहुतेक वेळा रिकामी असते, फोटोत मस्त फुगलेली, आणि "अनफिल्ड" हा शब्द खाली कुठेतरी मुंगीएवढ्या अक्षरात. रिकामी येण्यात वाईट काहीच नाही, उलट आपल्याला हवी तशी भरता येते. फक्त वाळूने भरू नका. चार फूट लांब आणि चौदा इंच जाड बॅग म्हणजे साधारण एकशेवीस लिटर जागा, त्यात वाळू घातली तर एकशेनव्वद किलोच्या आसपास जाईल, कुठल्या छताला टांगणार? आणि अर्धीच भरली तर ती खाली बसून दगड होते, वर पोकळ. लाकडाचा भुसाही दमट हवेत गोळा होतो. कापडाच्या चिंध्या घट्ट भरल्या की तेवढ्याच जागेत तीस-पस्तीस किलो बसतं, म्हणजे नेमकं पाहिजे तेवढं.

आम्ही कोपऱ्यावरच्या लेडीज टेलरकडून कातरणाची दोन पोती आणली, घरातल्या जुन्या जीन्स, टॉवेल, चादरी काढल्या. सासूबाईंनी मोठ्या मनाने आपलं गाठोडं सोडलं आणि भरायला घेतल्यावर त्यातला एक पैठणीचा ब्लाउज गुपचूप परत काढून घेतला. चेन, बटणं, हुक, पँटची ती पितळी रिव्हेट, सगळं कात्रीने कापून टाकायचं, एक जरी राहिलं तरी ते नेमकं बोटाच्या हाडाखाली येतं. आतून कडेने जुनी योगा मॅट गुंडाळून लावली, त्याने बाहेरचा थर एकसारखा लागतो. मग हातभर चिंध्या टाकायच्या आणि मुसळाने ठेचायच्या, परत हातभर, परत ठेचायच्या, नवरा बॅग धरून उभा आणि मी मुसळ घेऊन, खालच्या काकांनी येऊन विचारलं की मसाला कुटताय का. कोपरे राहतात, तिथे हाताने कोंबायला लागतं. वजन कमी वाटलं तर वाळूच्या छोट्या पुड्या, दुहेरी प्लास्टिकमध्ये चिकटपट्टी मारून, बरोब्बर मधल्या गाभ्यात घालायच्या आणि बाजूने चिंध्यांची गादी ठेवायची. कडेला किंवा तळाला नाही. थोड्या दिवसांनी माल खाली बसतो, वरून चेन उघडून अजून भरायचं, म्हणून थोडं कातरण ठेवून द्या. पॉलिस्टरच्या साड्या निसरड्या, त्या बसत नाहीत नीट, जीन्स आणि टॉवेल सगळ्यात उत्तम.

बाहेरचं कव्हर रेक्झिन, कॅनव्हास किंवा चामडं. चामडं टिकतं पण आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते, रोज पुसत बसणार असाल तरच घ्या. कॅनव्हास खरखरीत, ग्लोव्हज घासतं. आम्ही जाड रेक्झिन घेतलं, मेरठचा माल. मेरठ आणि जालंधर हीच आपल्याकडची खेळाच्या सामानाची मोठी गावं, लेबलवर नाव काहीही असो माल बराचसा तिथूनच येतो. मी तर कव्हरपेक्षा पट्टे बघते, जिथे पट्टा बॅगेला शिवलाय तिथे टाके दुहेरी आहेत का, चौकोन करून मध्ये फुली मारलीय का, आणि कडी वेल्ड केलेली आहे का नुसती वाकवलेली.

बॅगेबरोबर "कॉम्बो" मध्ये जे ग्लोव्हज फुकट येतात ते धूळ पुसायला ठेवा. आत फोमची पातळ पट्टी असते, बाकी काही नाही. माझ्या वजनाला बॅगेसाठी बारा औंसचे, म्हणजे एकेक साधारण तीनशे चाळीस ग्रॅम, आणि आत हँडरॅप म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी बांधल्याशिवाय एकही पंच नाही. रॅप मोठ्या माणसाला १८० इंची घ्या, साडेचार मीटर. छोटे १०८ इंची मनगटावरच संपतात. लेकीच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं, अंगठ्यात अडकव, मनगटाला तीन वेढे, बोटांच्या हाडांवर तीन, मग बोटांच्या मधून, मग परत मनगट. आणि बॅग ढकलायची नाही, मारून हात लगेच परत हनुवटीशी. ढकलली की ती झुलत बसते आणि आपण तिच्या मागे मागे.

राहिला शेजार. लटकणाऱ्या बॅगेची गंमत अशी की तिचे धक्के स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जातात आणि तुमच्या पायांचे धक्के खालच्या. म्हणजे दोन्ही घरांशी संबंध सांभाळायचे. वर प्लेट आणि साखळीच्या मध्ये जाड स्प्रिंग टाकली तर बराच फरक पडतो, खाली मॅट. आम्ही वरच्या काकूंना आधीच जाऊन विचारून आलो, त्या म्हणाल्या दुपारी एक ते चार सोडून काय ते करा. संध्याकाळी सात ते आठ ठरलंय, तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट आराम, मोबाईलवर टायमर.

पावसाळ्यात साखळी गॅल्व्हनाइज्ड नसेल तर गंजते, महिन्यातून एकदा कड्या बघत जा, जिथे कडीवर कडी घासते तिथे ती झिजते. ग्लोव्हजमध्ये रोज वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे नाहीतर घरात वास कसला येतोय म्हणून पाहुणे विचारतील.

सेकंडहँड घ्यायची असेल तर बिनधास्त घ्या, लोक हौसेने घेतात आणि दोन महिन्यांत तिच्यावर ओले टॉवेल टाकतात, त्यामुळे बाजारात चांगल्या बॅगा पडून असतात. फक्त जाऊन स्वतः दाबून बघा, खालचा भाग कडक आणि वरचा मऊ लागला तर सगळं उपसून परत भरायची तयारी ठेवा, चेन उघडून आत नाक घालून कुबट वास येतो का बघा, आणि पट्ट्यांचे टाके उसवलेले असतील तर चपला शिवणाऱ्या दादांकडे आधी घेऊन जा, ते जाड दोऱ्याने असे पक्के शिवून देतात की नव्या बॅगेला तसे टाके नसतात.