तपकिरी दिसलं म्हणून

कुत्र्यांच्या मास्ट सेल ट्यूमरवर, म्हणजे मास्ट सेल या रोगप्रतिकारक पेशींच्या गाठींवर, माझा प्रबंध होता. गाठीचा तुकडा मेणात बसवलेल्या पॅराफिन ब्लॉकमधून ४ मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप) कापायचे, किट या प्रोटीनची अँटीबॉडी लावायची आणि तपकिरी रंग पेशीत नेमका कुठे उमटतो ते पाहायचं. कडेला उमटला तर नमुना १, केंद्रकाजवळ ठिपक्यासारखा साचला तर २, पेशीभर पसरला तर ३. २ आणि ३ असतील तर गाठ परत येण्याची भीती जास्त.

पहिल्या खेपेच्या ८ स्लाइडपैकी ६ माझ्या मते ३ नंबरच्या निघाल्या. मी जाम खूश. याच गाठी २०११च्या दोन गटांच्या (लो आणि हाय) ग्रेडिंगमध्ये बहुतेक लो ग्रेड होत्या, पेशींचं विभाजनही नगण्य. हे जुळत नव्हतं. पण हवा तो निकाल मिळाला की माणूस कारणंही शोधून काढतो, तशी मीही काढली.

मॅडमनी दोन मिनिटं स्लाइड पाहिली आणि म्हणाल्या, "निगेटिव्ह कंट्रोल दाखव."

तो मी पाहिलाच नव्हता! ट्रेमध्ये तसाच पडून होता. किटची अँटीबॉडी न लावलेला सेक्शन, तरी भरपूर तपकिरी.

"या मास्ट सेल नाहीत गं. केंद्रक बघ, दोन खंडांचं आहे. इओसिनोफिल आहेत, पांढऱ्या रक्तपेशी."

कुत्र्यांच्या या गाठींत इओसिनोफिलची गर्दी असते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. त्यांच्यात पेरॉक्सिडेज हे एन्झाइम मुळातच असतं, हेही. आणि आमचं स्टेनिंग पेरॉक्सिडेजवरच चालतं: किटच्या अँटीबॉडीला चिकटणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीला जोडलेलं ते एन्झाइम डॅब या रसायनाला तपकिरी करतं. म्हणून आधी सेक्शनवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पेशींचं पेरॉक्सिडेज गप्प करायचं. ते मी टाकलं होतं, पूर्ण १० मिनिटं. फक्त बाटली कोण जाणे कधीची उघडलेली होती. पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होत जातं. मी बहुधा पाणीच टाकत होते.

नवी बाटली आणली. या वेळी सेक्शनमध्ये जिथे रक्त होतं तिथून बारीक बुडबुडे उठले. आधीच्या खेपेला ते नव्हते, पण असायला हवेत हेच मला ठाऊक नव्हतं. निगेटिव्ह कंट्रोल स्वच्छ निळा आला. ६ पैकी एकच स्लाइड खरी ३ नंबरची राहिली. बाकीच्यांत बहुतेक पेशींभोवती पेन्सिलीनं गिरवल्यासारखी बारीक तपकिरी रेघ.

मग की-६७, म्हणजे विभाजन होणाऱ्या पेशींतलं प्रोटीन. त्याचा रंग केंद्रकातच येतो, त्यामुळे इओसिनोफिलनी एवढं फसवलं नसतं. आयपीसमधल्या चौकटीत केंद्रकं मोजायची, ५ ठिकाणी, आणि सरासरी काढायची. मान अवघडते, बाकी काही नाही. नावाची गंमत तेवढी आवडली: की म्हणजे जर्मनीतलं कील शहर, आणि ६७ हा ती अँटीबॉडी ज्या प्लेटमध्ये सापडली तिच्यातल्या खळग्याचा नंबर.

एका स्लाइडवर मात्र अजून एकमत नाही. मी २ म्हणते, मॅडम ३ म्हणतात. ती आता ब्लॉकचा नंबर झाकून तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे दिली आहे, या वेळी निगेटिव्ह कंट्रोलसकट.