तेवीसपैकी शून्य

सकाळी सहाला रिंकवर पोचलो तेव्हा आत फक्त बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरत होतं. मी एका व्यावसायिक आइस हॉकी संघाचा व्हिडिओ विश्लेषक. संघाचं नाव सांगत नाही, कारण तेव्हाचा आमचा हिशेब कुणाला सांगण्यासारखा नव्हता. गेल्या आठ सामन्यांत पॉवर प्लेच्या संधी २३, गोल शून्य.

क्रिकेटमधला पॉवर प्ले इथे विसरा. समोरच्या खेळाडूने कुणाला पाडलं किंवा काठीने अडवलं, की तो दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसतो आणि तेवढा वेळ आमचे पाच विरुद्ध त्यांचे चार. गोल झाला की त्याची शिक्षा तिथेच संपते. वाटतं, यात काय अवघड? पण बरे संघसुद्धा पाच संधींत एकदाच गोल करतात. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये पूर्ण हंगामाचा विक्रम एडमंटन ऑयलर्सच्या नावावर आहे, २०२२-२३ मधला, आणि तो ३२.४ टक्क्यांचा आहे. म्हणजे विक्रमी पॉवर प्लेही तीनातून दोनदा हात हलवत परत येतो.

प्रेक्षकांना हे सांगून काय उपयोग? आधीच्या सामन्यात पंचांनी समोरच्याला शिक्षा दिली, तर आमच्याच एका चाहत्याने वरून ओरडून सांगितलं, "नको म्हणा त्यांना!" अख्खा स्टँड हसला. आमच्या बाकावर कुणी मान वर केली नाही.

आदल्या रात्री मी गणित करून बसलो होतो. पाचात एक या दराने खेळणाऱ्या संघाला हंगामात अडीचशे संधी मिळतात असं धरलं, तर त्यात कधीतरी सलग २३ कोरड्या जाण्याची शक्यता चारात एक इतकी निघते. कुणाचं काही न चुकता! हा कागद मी पॉवर प्ले सांभाळणाऱ्या प्रशिक्षकांपुढे ठेवला. स्वतः डिफेन्समन म्हणून आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात टाकला आणि म्हणाले, "हे पोरांना दाखवू नकोस. काही करायचंच नाही असं सांगितलं, तर ते वेडे होतील."

मग मी व्हिडिओ लावला. मला वाटत होतं, दोष नेमबाजीचा असेल. आमचा हुकमी नेमबाज गोलच्या डावीकडे बर्फावर आखलेल्या वर्तुळात उभा राहतो. एनएचएलमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्या ओव्हेच्किनने ज्या जागेवरून वर्षानुवर्षं गोल केले, तीच ही जागा. वेन ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणारा त्याचा ८९५वा गोलही पॉवर प्लेमध्ये तिथूनच आला होता. आमच्या नेमबाजाचे हात आखडले होते हे दिसतच होतं. पूर्वी पास येताच थेट फटका मारणारा गडी आता पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, थांबवून, बघून, मग मारत होता. तेवढ्यात गोली, म्हणजे गोलरक्षक, सरकून समोर हजर.

पण खरी गोम त्याच्या कितीतरी आधी होती. चौघांच्या संघाला पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावून द्यायची मुभा असते. तो परत आणून ब्लू लाइनच्या, म्हणजे त्यांच्या भागाच्या हद्दीच्या, आत शिरायला वीस-पंचवीस सेकंद जातात. आम्ही शिरायचो ड्रॉप पासवर : पहिला खेळाडू जोरात पुढे जातो, त्यांना मागे रेटतो आणि पक मागून वेगाने येणाऱ्या सोबत्यासाठी सोडून देतो. युक्ती चांगली, पण सगळ्यांना पाठ झालेली. त्यांचे दोन फॉरवर्ड पहिल्याकडे ढुंकूनही बघत नव्हते, दुसऱ्याची वाट बघत उभे राहायचे. आणि आमचा दुसरा दर वेळी उजव्या भिंतीकडूनच यायचा. मी घड्याळ लावून मोजलं : कित्येकदा दोन मिनिटांतली तीस सेकंदंसुद्धा आम्ही नीट मांडणी करून खेळलो नव्हतो. गोल होणार कसा?

बारा मिनिटांच्या चुका मी कापून जोडल्या होत्या. प्रशिक्षकांनी त्यातल्या तीनच ठेवल्या. बाकी वेळ याच पोरांनी हंगामाच्या सुरुवातीला केलेले गोल दाखवले, एकामागून एक, एक शब्दही न बोलता. मला ते तेव्हा फसवं वाटलं होतं, खरं सांगतो. मग दोनच गोष्टी सांगितल्या. पहिल्याने अधूनमधून पक स्वतःच आत न्यायचा. आणि आमचा सर्वांत उंच डिफेन्समन ब्लू लाइनवर न राहता गोलीच्या नाकासमोर उभा राहणार. २०११ मध्ये बोस्टन ब्रुइन्सने त्यांचा उंचापुरा डिफेन्समन झ्देनो चारा याला असंच पुढे आणलं होतं. त्याच वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, माँट्रियलविरुद्धच्या पहिल्या फेरीत ब्रुइन्सने पॉवर प्लेच्या २१ संधी घालवल्या होत्या. तरी ती मालिका सात सामन्यांत जिंकली आणि शेवटी स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपदही. हे ऐकून कोपऱ्यात कुणीतरी हसलं. त्या दिवशी पॉवर प्लेचा सराव मात्र झालाच नाही. छोट्या मैदानावर चार-चारचा खेळ, आरडाओरडा, बस.

संध्याकाळी पहिली संधी वाया गेली, पण शिरलो नीट. दुसऱ्या संधीत सवय आडवी आली. तोच ड्रॉप पास, तीच उजवी भिंत, त्यांच्या फॉरवर्डने पक उचलला आणि एकटा पळत जाऊन आमच्यावरच गोल केला. चार माणसांत! वर बसलेल्या माझ्या पोटात गोळा आला. २५ झाले होते.

तिसऱ्या पीरियडमध्ये पुन्हा संधी. फेसऑफ, म्हणजे पंचांनी दोघांमध्ये टाकलेल्या पकसाठीची झटापट, आम्ही जिंकला, पक ब्लू लाइनवर मागे आला, तिथून साधा, जरा रडकाच फटका. तो त्यांच्याच एका खेळाडूच्या स्केटला लागून वळला आणि आत गेला. शिरण्याचा प्रश्नच आला नाही, कारण फेसऑफ त्यांच्याच भागात होता. डावं वर्तुळ नाही, माझं घड्याळ नाही, काही नाही. बाकावरची पोरं मात्र कप जिंकल्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडली.

सामना आम्ही २-१ हरलो, हे सांगायचं राहिलंच. तरी लॉकर रूममध्ये गाणी लागली होती. नेमबाज माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "व्हिडिओ कामाला आला!" मी काही बोललो नाही.

आमच्या तक्त्यात प्रत्येक गोलापुढे कारण लिहायचा एक रकाना असतो. रात्री मी तिथे प्रामाणिकपणे 'नशीब' असं लिहून संगणक बंद केला. सकाळी उघडलं तर प्रशिक्षकांनी ते खोडून लिहिलं होतं : 'गोलीला पक दिसलाच नाही. उंच्या समोर होता.' मी क्लिप पुन्हा लावली, गोलीच्या मागच्या कॅमेऱ्यातून. फटका निघाला तेव्हा गोली मान वाकडी करून आमच्या डिफेन्समनच्या कमरेमागून बघायचा प्रयत्न करत होता. भलत्याच बाजूने.