पेन ड्राइव्हचा डबा रिकामा झाला

माझ्या लॅबच्या कपाटात फराळाचा एक स्टीलचा डबा असायचा. त्यात अडलेलं मशीन चालू करून तपासायला, सावरायला लागणारे सात पेन ड्राइव्ह, प्रत्येकाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर माझ्या अक्षरात नाव: क्लोनझिला, जीपार्टेड, मेमटेस्ट, सिस्टमरेस्क्यू, डेबियन लाइव्ह. गेल्या जूनमध्ये डबा उघडला तर चारच उरले होते. त्यातल्या दोघांवर चिकटपट्टी तशीच होती, पण आत कुणाच्या तरी सेमिनारच्या स्लाइड्स. त्याच दिवशी ठरवलं, आता हा डबा बंद.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. ४२ मशीन आहेत. २४ जुनी, बायोसवाली (बायोस म्हणजे मशीन चालू होताना सर्वात आधी जागा होणारा आतला प्रोग्राम), ४ जीबी रॅमची. १८ नंतर आलेली, यूईएफआयवाली (बायोसचा नवा अवतार), ८ जीबीची. पावसाळ्यात वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, यूपीएसच्या बॅटऱ्या थकलेल्या, आणि दर झटक्याला एखादं मशीन वर येत नाही. मग डबा काढा, मशीनच्या मागे हात घालून यूएसबीची जागा चाचपा, बूट मेन्यूची की वेळेत दाबा. एका पेन ड्राइव्हवर एका वेळी एकच मशीन होतं, आणि दारात पुढच्या बॅचची मुलं ताटकळत उभी असतात.

नेटवर्क बूटचं नाव ऐकून होते, हात कधी लावला नव्हता. मशीन चालू झालं की डिस्ककडे न बघता नेटवर्क कार्डच हाक मारतं: मला नेटवर्कवरचा पत्ता द्या, आणि कुठली फाइल उचलायची तेही सांगा. याला पीएक्सई म्हणतात. इंटेलने त्याचं २.१ हे स्पेसिफिकेशन १९९९ मध्ये काढलं. माझी जुनी २४ मशीन आजही त्याच ठरलेल्या पद्धतीने हाक मारतात, फक्त इतकी वर्षं उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं.

पहिली अडचण अगदी दारातच आली. आमच्याकडे पत्ते वाटायचं काम, म्हणजे डीएचसीपी, इंटरनेट लाइनच्या राउटरकडे आहे आणि त्याचा पासवर्ड मला मिळत नाही. शिकायला बसलं की बहुतेक ठिकाणी एवढंच सापडतं: डीएचसीपीत ६६ आणि ६७ नंबरचे पर्याय भरा. ६६ मध्ये सर्व्हर, ६७ मध्ये फाइल. पण ज्याच्या हातात डीएचसीपीच नाही त्याने काय करायचं? स्वतःचा दुसरा डीएचसीपी चालू केला तर अख्ख्या कॉलेजच्या पत्त्यांचा गोंधळ होणार, ऑफिसातल्या फीच्या पावत्यासुद्धा अडणार. वाट मिळाली ती डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हर प्रोग्राममध्ये. त्याला प्रॉक्सी म्हणून बसवता येतं. पत्ता राउटरनेच द्यायचा, डीएनएसमास्कने शेजारून फक्त सांगायचं की बूटची फाइल माझ्याकडे आहे. मशीन दोन्ही उत्तरं एकत्र करून घेतं. राउटरला हातही लागला नाही. तुमच्याही कॉलेजात किंवा ऑफिसात नेटवर्क दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल तर इथूनच सुरुवात करा, परवानगीच्या अर्जांमध्ये महिने जाणार नाहीत.

सर्व्हर म्हणून भंगाराच्या यादीत गेलेलं एक आय-थ्री मशीन मागून घेतलं. ८ जीबी रॅम, ५०० जीबीची डिस्क, वर डेबियन लिनक्स. त्यावर पीएक्सईलिनक्स, म्हणजे नेटवर्कवरून येऊन मेन्यू दाखवणारा बूटलोडर, टाकलं आणि एका संध्याकाळी ९ नंबरच्या मशीनवर चार ओळींचा निळा मेन्यू उमटला. लॅबमध्ये मी एकटीच होते. उठून बाजूचं मशीन चालू केलं, तिथेही तोच. मग त्याच्या बाजूचं.

चारातली मेमटेस्टची, म्हणजे रॅम तपासायची ओळ मात्र चालेना. ती निवडली की पडदा काळा. फाइल बरोबर, जागा बरोबर. शेवटी कळलं की पीएक्सईलिनक्स फाइलच्या नावाच्या शेपटावरून ती काय आहे ते ठरवतो. डॉट बिन दिसलं की त्याची समजूत वेगळी होते. शेपूट काढून नुसतं मेमटेस्ट असं नाव ठेवलं आणि चालू झालं.

यापेक्षा मोठी चूक मी क्लोनझिलाच्या (डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाच्या) वेळी केली, आणि ती सविस्तर सांगते, कारण या कामात पडणारा प्रत्येक जण बहुतेक इथेच अडतो. मला वाटलं होतं, आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, सर्व्हरवर ठेवायची, मेन्यूत तिचं नाव घालायचं, झालं. मेमडिस्क नावाचं एक साधन तसं करतंही. अख्खी आयएसओ मशीनच्या रॅममध्ये ओततं आणि ही सीडी आहे असं भासवतं. मी तसंच केलं. क्लोनझिलाचा मेन्यू आला, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाला, पडद्यावर ओळी धावल्या, आणि मग निरोप आला की लाइव्ह फाइल सिस्टम असलेलं माध्यम कुठेच सापडत नाही. दोन संध्याकाळी मी आयएसओ पुन्हा पुन्हा उतरवून तिचा चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते सांगणारा आकडा) ताडत बसले. आयएसओ धडधाकट होती.

मेमडिस्कचं सोंग बायोसपुरतंच असतं. डिस्कवरचं काही वाचायचं तर बायोसकडे मागणी करावी लागते, मेमडिस्क त्या मागणीच्या वाटेवर बसतो आणि रॅममधून उत्तर देतो. डॉस बिचारा जन्मभर बायोसलाच विचारतो, त्यामुळे डॉसच्या जुन्या युटिलिटी मेमडिस्कवर झकास चालतात. लिनक्सचा कर्नल एकदा उभा राहिला की बायोसला विचारत नाही. स्वतःचे ड्रायव्हर घेऊन घरभर फिरतो: यूएसबी बघतो, साटा बघतो, सीडी बघतो. रॅममधली ती सीडी त्याच्या लेखी कुठल्याच वायरला जोडलेली नसते.

म्हणून आयएसओ सोडवायची. आत तीन गोष्टी असतात ज्यांच्याशी आपलं काम: कर्नल, इनिटआरडी (सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टम), आणि स्क्वॉशएफएसची, म्हणजे दाबून बांधलेल्या फाइलींची मोठी गाठोडी, जिच्यात खरी सिस्टम असते. पहिल्या दोन बूटलोडर आणतो. तिसरी आणायची जबाबदारी इनिटआरडीवर, आणि ती कुठून आणायची हे कर्नलच्या ओळीत आपण लिहून द्यायचं. डेबियन लाइव्ह, क्लोनझिला, जीपार्टेड ही एकाच घरातली, त्यांना बूट इज इक्वल टू लाइव्ह आणि पुढे फेच लिहून फाइलचा पत्ता दिला की पुरतं. पत्त्यात सर्व्हरचं नाव घालू नका, आकड्यांचा आयपी पत्ताच घाला. सिस्टमरेस्क्यू सहाव्या आवृत्तीपासून आर्च लिनक्सवर गेलं, त्याचे शब्द वेगळे, आर्चआयएसओने सुरू होणारे. उबुंटूची तऱ्हा आणखी तिसरी. प्रत्येकाची ही एक ओळ समजली की मेन्यूचं ऐंशी टक्के काम संपतं. बाकी सजावट.

आता गाठोडी आणायची कशाने? पहिले तुकडे टीएफटीपी या फाइल पाठवायच्या अगदी साध्या पद्धतीने येतात, आणि टीएफटीपी मुळात ५१२ बाइट पाठवून पोच मिळेपर्यंत थांबतो, मग पुढचे ५१२. माझ्याकडच्या क्लोनझिलाची गाठोडी साधारण ३०० एमबी. म्हणजे सुमारे सहा लाख वेळा पाठव-थांब-पोच. तुकड्याचा आकार वाढवता येतो, तरी हे काम त्याचं नव्हे. सर्व्हरवर साधा वेब सर्व्हर लावला, गाठोडी एचटीटीपीने दिली, आणि १०० एमबीपीएसच्या स्विचवर ती अर्ध्या मिनिटाच्या आत उतरू लागली. एका वेळी वीस मशीन लावली की मात्र सर्व्हरची एकच वायर सगळ्यांत वाटली जाते आणि तेच काम आठ-नऊ मिनिटांवर जातं. सर्व्हरला गिगाबिटच्या पोर्टवर हलवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. उबुंटू २४.०४ ची आयएसओ पाच जीबीच्या पुढे आहे. ती अख्खी रॅममध्ये घ्यायची म्हटलं तर ४ जीबीच्या मशीनला शक्यच नाही, म्हणून ती एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वाचता येणाऱ्या सर्व्हरच्या फोल्डरमध्ये, मोकळी करून ठेवली आहे. लागेल तेवढंच मशीन वाचून नेतं.

नवी १८ मशीन यूईएफआयवाली, त्यांना जुन्यांची फाइल चालत नाही. मशीन हाक मारतानाच आपण कुठल्या जातीचे ते ९३ नंबरच्या पर्यायात सांगतं, त्यावरून डीएनएसमास्क वेगळी फाइल देतो. दोन मेन्यू सांभाळत बसण्यापेक्षा मी दोघांनाही आधी आयपीएक्सई, म्हणजे नेटवर्क बूटचाच जास्त समजदार बूटलोडर, देऊ लागले आणि मेन्यू तिथे एकदाच लिहिला. त्यात पहिल्या दिवशी भोवरा झाला. आयपीएक्सई उठला की तोही पत्ता आणि फाइल विचारतो, त्याला पुन्हा आयपीएक्सईच मिळायचा, तो पुन्हा उठायचा. विचारणारा आयपीएक्सई असेल तर त्याला मेन्यूची स्क्रिप्ट द्या, असा एक नियम डीएनएसमास्कमध्ये घातला तेव्हा ते थांबलं. सही नसलेला बूटलोडर अडवणारा सिक्युअर बूट त्या १८ मशीनवर बंद करावा लागला, एकेक सेटअपमध्ये जाऊन.

मागच्या रांगेने वेगळाच त्रास दिला. तिथली मशीन पीएक्सई-ई५१ दाखवून गप्प, म्हणजे पत्ता देणारा कुणीच भेटला नाही. पण डिस्कवरून विंडोज चालू केलं की त्याच वायरवर इंटरनेट छान. तीन वायरी बदलल्या. मग वैतागून एका मशीनच्या आणि भिंतीच्या मध्ये घरचा जुना पाच पोर्टचा साधा स्विच लावला आणि ते मशीन पहिल्या फटक्यात मेन्यूवर आलं. त्या रांगेचा मोठा स्विच नवा होता आणि त्यात वायरींचा फेरा टाळणारं स्पॅनिंग ट्री चालू होतं. वायरीवर जीव आला की तो पोर्ट पंधरा अधिक पंधरा, तीस सेकंद नुसता ऐकतो, पुढे काही जाऊ देत नाही. तेवढ्यात नेटवर्क कार्ड हाका मारून थकलेलं असतं. मधल्या साध्या स्विचमुळे पोर्ट कायम जागा राहिला, एवढंच. त्या पोर्टांना पोर्टफास्ट, म्हणजे न थांबता चालू व्हायची सेटिंग, लावलं आणि घरचा स्विच घरी नेला.

हे सगळं झाल्यावर मी ज्याला खरं काम मानते ते सुरू झालं: मेन्यूतले शब्द. मी रजेवर असले की लॅब उघडतात ते आमचे शिपाई मामा. मशीनपुढे तेच उभे असणार. माझ्या पहिल्या मेन्यूत क्लोनझिला, आवृत्ती, ६४ बिट असलं लिहिलं होतं. मामा पडदा बघून म्हणाले, "मॅडम, ह्यातलं कुठलं दाबू ते सांगा, मी दाबतो." मग मी विचार केला की तिथे काय असायला हवं. मेन्यूला देवनागरी उमटवता येत नाही, पण पाठीमागे चित्र लावता येतं. चित्रांची सोय चालू करून आयपीएक्सई स्वतः कंपाइल केला, आणि चित्रातच मोठ्या अक्षरात मराठी ओळी लिहिल्या: १, रोजच्यासारखं चालू करा. २, डिस्कशिवाय चालवा. ३, मशीन मध्येच बंद पडतंय, मेमरी तपासा. ४, फाइली वाचवायच्या आहेत. आकडा दाबला की काम. काहीच दाबलं नाही तर पंधरा सेकंदांत १ आपोआप, म्हणजे वीज जाऊन आली तरी कुणी मेन्यूपाशी अडकत नाही. जुन्या मशीनपैकी सहांवर ही १ नंबरची ओळ नुसत्या एक्झिट या आज्ञेने परत फिरत नव्हती, त्यांना थेट पहिल्या डिस्कवरून उठायला सांगावं लागलं.

अख्खी डिस्क पुसून मूळ प्रत भरायचं काम आधी याच यादीत पाचवं होतं. एका मुलाने ते निवडलं, पुढच्या प्रश्नाला हो म्हटलं, आणि त्या मशीनवरची त्याची आणि आणखी दोघांची प्रॅक्टिकलची कामं गेली. तो मुद्दाम वागला नव्हता, आकडा समोर होता म्हणून दाबला. मुलांच्या कामापेक्षा माझी सोय मोठी नव्हती. आता ती ओळ आतल्या दुसऱ्या मेन्यूत आहे, आणि तो मेन्यू वेब सर्व्हर पासवर्डशिवाय देत नाही.

मेन्यूतल्या ४ नंबरने त्याची थोडी भरपाई केली. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीच्या प्रोजेक्टची डिस्क कुरकुरायला लागली होती. तिच्याच मशीनवर सिस्टमरेस्क्यू रॅममध्ये चढवलं, सर्व्हरचं एनएफएस जोडलं आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाला डिस्कची प्रत तिकडे काढायला लावलं. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो, खराब जागा मॅपफाइलमध्ये टिपून ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे वळतो. दुपारी वीज गेली, पण मॅपफाइल सर्व्हरवर होती, म्हणून संध्याकाळी होता तिथून पुढे सुरू केलं. ती मुलगी स्टूल ओढून तो आकडा चढताना बघत बसली होती, डबाही तिथेच खाल्ला.

सप्टेंबरात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "मॅडम, अकरा नंबर सारखं बंद पडत होतं. मी तीन दाबला. आता सगळ्या ओळी लाल झाल्यात." मेमटेस्ट चूक सापडली की लालच दाखवतो. मी त्यांना मशीन बंद करून वायर काढायला सांगितलं, मग झाकण, मग दोनपैकी खिडकीकडची रॅमची पट्टी. पुन्हा तीन दाबून घेतलं. तासाभराने त्यांचा परत फोन: लाल काही नाही. काढलेली पट्टी त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली होती, वर "११" लिहून.

परत आल्यावर त्यांनी एक मागणी केली. संध्याकाळी मुलं शटडाउनऐवजी रीस्टार्ट दाबून जातात, मशीन मेन्यूवर येऊन पुन्हा चालू होतं, आणि त्यांना प्रत्येकाचं बटण धरून उभं राहावं लागतं. तेव्हा मेन्यूत ९ आलं: बंद करा. ते रांगेतून जाताना एकेका कीबोर्डवर ९ दाबत जातात आणि मग दिव्यांकडे वळतात.