नव्या घरामागचं रान: पहिले चार दिवस फिरून जे कळलं ते

घर घेताना आम्ही खोल्या बघितल्या, छप्पर बघितलं, पाणी बघितलं आणि मागच्या रानाकडे खिडकीतूनच "वा, काय झाडी आहे" म्हणून मोकळे झालो. कागदावर साधारण पाच एकर. म्हणजे वीस हजार चौरस मीटरच्या थोडं वर, चौकोन धरला तर एक बाजू १४२ मीटर, दोन मिनिटांत चालून संपावी एवढी. म्हणून पहिल्याच दिवशी सामान कसंबसं लावलं आणि संध्याकाळी नवरा आणि मी नुसत्या चपला घालून आत शिरलो, ते सव्वा तासाने भलत्याच बाजूला शेजारच्या कुंपणापाशी बाहेर निघालो. गंमत नाही, भीती वाटली हो. आभाळ भरलेलं, सूर्य दिसत नव्हता आणि आपण सरळच चाललोय अशी दोघांनाही पक्की खात्री! नंतर वाचलं की २००९ साली संशोधकांनी जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून जीपीएसने त्यांचा माग काढला होता, तर जंगलात ढगाळ दिवशी चालणारे गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

त्यामुळे पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगते, सुरुवातीला आत जाऊच नका. आधी कडेकडेने पूर्ण फेरी मारा. एकदा चारही बाजू पायाखालून गेल्या की आत कुठेही असलात तरी कुठल्या दिशेला गेलं की काय लागणार हे डोक्यात बसतं, आणि मग रान आपलं वाटायला लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तेच केलं. घरातच नकाशा डाउनलोड करून ठेवला, मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला (जीपीएस तरी चालतंच, फक्त बॅटरी वाचते) आणि ट्रॅक रेकॉर्ड करत निघालो. मात्र मोबाईलवर हद्द ठरवू नका. उघड्यावरसुद्धा चार-पाच मीटर इकडे तिकडे होतं, दाट झाडीखाली त्याहून जास्त, तेव्हा हद्दीचा प्रश्न असेल तर रीतसर मोजणीच करून घ्या.

या फेरीत जे सापडलं ते मी विसरणार नाही. पूर्वेच्या बाजूला एका जाड खोडातून काटेरी तार आरपार गेलेली. बांधलेली नव्हे, झाडाने चक्क गिळलेली! सालीचे दोन ओठ तारेवर येऊन मिटलेत, एका बाजूने गंजलेली तार आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तार माझ्या गुडघ्याएवढ्याच उंचीवर होती, कारण झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, खोड फक्त जाड होतं, म्हणून एकदा ठोकलेली तार किंवा खिळा वर सरकत नाही. त्या तारेच्या रेषेत बघत गेलो तर पुढच्या तीन झाडांतही तसेच व्रण, म्हणजे तिथून कधीतरी कुंपण गेलेलं होतं. अशी झाडं रंगाने खूण करून ठेवा, उद्या कुणी करवत चालवली तर पातं तारेवर आपटून जीवावर बेतू शकतं.

तिसऱ्या दिवशी आत गेलो, पण लांब काठी घेऊन, पँट मोज्यात खोचून आणि बूट घालून. काठीचं महत्त्व तासाभरात कळलं. एका जागी वेली जरा जास्तच माजलेल्या, काठी टेकवली तर पोकळ आवाज आला. खाली कुजलेल्या फळ्या आणि फळ्यांखाली जुनी विहीर! आधीच्या मालकांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, अजून आठवलं की राग येतो. त्याच दिवशी दोरी बांधून जागा बंद केली आणि पक्क्या झाकणाचं काम सांगितलं. जमीन ताब्यात घ्यायच्या आधी जुन्या मालकांना सोबत घेऊन एकदा तरी फिरा आणि विहीर, खड्डे, पुरलेले पाइप असं एकेक नाव घेऊन विचारा.

वाटांचं एक सांगायचं राहिलं. खाली गुडघ्यापर्यंत मोकळं आणि वर फांद्या तोंडावर येतात अशी वाट जनावरांची, माणसांची नव्हे, ती घरी नेईल या भरवशावर राहू नका. शेवाळ बघून उत्तर दिशा ठरवणंही सोडा, ओल असेल तिथे ते सगळ्या बाजूंनी वाढतं. मान वर करूनही चाला, तुटून वरच अडकलेल्या फांद्या वाऱ्याशिवायही खाली येतात, अशा झाडाखाली बसू नका. आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी मागे फिरा. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघायचं, एका बोटाला अंदाजे पंधरा मिनिटं, फक्त झाडीत अंधार त्याच्याही आधी पडतो.

घरी आल्यावर अंग तपासा, गुडघ्यामागे, काखेत, केसांत. मला एक गोचीड चिकटली होती. बारीक चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढली. तेल लावू नका, चटका देऊ नका. नंतर ताप आला किंवा चट्टा उठला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

चौथ्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेला आणि सकाळी आम्ही लगेच बाहेर पडलो, तुम्हीही अशी संधी सोडू नका. कोरड्या दिवशी सपाट वाटणाऱ्या जमिनीवर पाण्याने सगळा चढउतार आखून दिला होता, वरून येणारी एक धार तर थेट स्वयंपाकघराच्या भिंतीकडे! काठ्या रोवून तिची रेषा धरून ठेवलीय, आता तिथे चर खणायचा. वायव्येचा कोपरा अजून राहिलाय. तिथून मधमाश्यांचा आवाज येतो, म्हणून आधी दुर्बिणीने लांबून पोळं कुठल्या झाडावर आहे ते बघणार आणि मगच वाट कुठून काढायची ते ठरवणार.