हे मला कुणी सांगितलं?

फॉर्म साधाच होता. वंशवृक्षाचे चौकोन: मी, नवरा, दोघांचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबा. प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरांत शब्द छापलेले, लागू असेल त्यावर खूण करायची. दारू. आत्महत्या. गर्भपात. करणी. मूर्तिपूजा.

लेकीचा दमा पावसाळ्यात फार उसळतो. जाऊबाईंनी आग्रह केला म्हणून मी त्या रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला गेले. हा फॉर्म तिथलाच. प्रवचनकार म्हणाले, मुलांचं दुखणं हटत नाही तेव्हा मागच्या पिढ्यांतलं पाप आड येत असतं. त्या पूर्वजाचं नाव घेऊन ते बंधन तोडावं लागतं. आजोबांच्या खाली ‘दारू’वर खूण झाली. ‘मूर्तिपूजे’पाशी मात्र माझं पेन अडलं. आम्ही वसईचे. 1534 च्या तहात वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढे कधीतरी आमचं घराणं ख्रिस्ती झालं. म्हणजे त्याआधीचे सगळेच त्या एका खुणेत आले. केळी आणि पानवेली जोपासत जगलेल्या त्या माणसांमुळे माझ्या पोरीला धाप लागते?

खरं सांगायचं तर मला ते खोटंच ठरायला हवं होतं. पण एखादी गोष्ट बोचते म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही कळत होतं. म्हणून आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे पॅरिशमधल्या, एका निवृत्त फादरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाय, खरं-खोटं मागाहून बघू. आधी एवढं शोध, हे तुला कुणी सांगितलं? आणि त्याला कुणी सांगितलं?”

त्यांनी सराव म्हणून आधी सोप्या गोष्टी घ्यायला लावल्या. मी लेकीची अर्धी उरलेली वही घेतली आणि मला ख्रिस्ती म्हणून जे जे ‘माहीत’ आहे ते लिहीत गेले. नाताळच्या गोठ्यातले तीन राजे: मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, ते राजे नाहीत आणि तीनही नाहीत, तीन आहेत त्या भेटी. गोठ्यातला बैल आणि गाढव शुभवर्तमानांत कुठेच नाहीत, ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत. मरियामातेचे आईवडील अॅना आणि योआकिम ही नावं बायबलच्या बाहेरच्या, दुसऱ्या शतकातल्या एका लिखाणातली. तरी 26 जुलैला त्यांचा सण आपण मिस्सात, चर्चमधल्या उपासनेत, साजरा करतो. इथवर मजा वाटत होती.

मग्दालिया मरियापाशी मी दचकले. ती वेश्या होती, हे मला इतकं पक्कं माहीत होतं की शोधायचीही गरज वाटली नव्हती. लूकच्या सातव्या अध्यायातली पापी स्त्री निनावी आहे. मग्दालिया मरियाचं नाव आठव्या अध्यायात येतं, आणि तिथे तिच्यातून सात भुतं निघाली एवढंच म्हटलंय. या दोघींना आणि बेथानी गावच्या मरियेला एकच धरलं ते पोप ग्रेगरी यांनी, 591 सालच्या एका प्रवचनात. चर्चच्या दिनदर्शिकेतून ती सरमिसळ 1969 मध्ये काढली गेली आणि 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. एका बाईची बदनामी तेराशे वर्षांहून जास्त टिकली, तीही भल्या माणसाच्या प्रवचनामुळे. मग रिट्रीटमधल्या प्रवचनाला प्रश्न विचारायला मी का घाबरावं?

नालासोपाऱ्याची माझी मैत्रीण पेंटेकोस्टल पंथाची आहे. ती म्हणते, एवढा खटाटोप कशाला? बायबलमध्ये आहे तर घे, नाही तर टाक. आम्हा कॅथलिकांचं तसं भागत नाही. पवित्र शास्त्र आणि परंपरा या दोन्हींतून देवाचं वचन आपल्यापर्यंत येतं, असं जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये पुन्हा स्पष्ट मांडलं. पण परंपरा म्हणजे आत्या सांगते ते सगळं नव्हे, आणि फोनवर येणारी ‘तेरा जणांना पाठवा’वाली प्रार्थना तर नव्हेच. (ती मी आता पुढे पाठवत नाही. अजून काही बिघडलेलं नाही.)

मग मुख्य प्रश्नाकडे वळले. प्रवचनकारांनी बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायाचा आधार दिला होता: वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन. ते वचन तिथे आहेच, डोळेझाक करता येत नाही. पण लगेच पुढच्या ओळीत हजारो पिढ्यांवरची दया आहे, ती त्यांनी वाचली नव्हती. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात तर देव लोकांची एक म्हणच मोडीत काढतो: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. जो पाप करील तोच मरेल, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. आणि योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून माझाच प्रश्न विचारतात, पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि यांचंही नाही. हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. लेकीच्या बाबतीत तो मला आठवला नाही, फॉर्म हातात आल्यावर आजोबांची दारू तेवढी आठवली.

“त्याला कुणी सांगितलं” हे शोधायला वेळ लागला. पूर्वजांच्या पापांतून सुटकेची ही पद्धत आज दिसते त्या रूपात पसरली ती मुख्यतः केनेथ मॅकॉल नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या 1982 सालच्या पुस्तकानंतर. ते कॅथलिकही नव्हते, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे होते. त्याने काही बिघडत नाही, पण ‘चर्चची जुनी शिकवण’ म्हणून मला जे सांगितलं होतं ते माझ्या लग्नाच्या अल्बमपेक्षा फार जुनं निघालं नाही. 2024 मध्ये स्पेनच्या बिशपांनी यावर टिपण काढून अशा प्रार्थना आणि मिस्सा बंद करायला सांगितलं. पाप ज्याचं त्याचं असतं आणि बाप्तिस्म्यानंतर मागच्या पिढ्यांचं पाप उरतं कुठे, असा त्यांचा मुद्दा. मृतांसाठी प्रार्थना करायला त्यांची हरकत नाही. म्हणजे 2 नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो ते ठीक. त्याच कबरीतल्या माणसावर पोरीचा दमा लादणं ठीक नाही.

फादर एवढ्यावर थांबले नाहीत. “उगम कळला. आता हे तुला कुठे नेतं ते बघ.” ही येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांची रीत. 1521 मध्ये पाँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून ते अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सरदारकीची स्वप्नं रंगवताना छान वाटतं, पण नंतर मन कोरडं पडतं. संतांचा विचार केल्यावर उभारी टिकते. विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा, असं त्यांनी पुढे लिहिलं.

शेवट मला आमच्याच ओटीवर दिसला होता. सासूबाई दादरच्या बाजारासाठी सोनचाफा मोजून पिशव्यांत भरत होत्या. जाऊबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, “आई, तुमच्या माहेरी कुणी वेडंबिडं होतं का हो?” सासूबाईंचा हात थांबला. उत्तर दिलं नाही. मोजणी चुकली म्हणून पिशवी ओतून पुन्हा एकपासून सुरुवात केली. त्यांच्या धाकट्या भावाबद्दल त्या पूर्वी अधूनमधून बोलायच्या, ते बोलणं त्यानंतर बंद झालं.

इग्नेशियस यांचं आणखी एक सांगणं आहे, मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये. रात्री दोनला पोरीला इन्हेलर देताना मला कुठलीही गोष्ट खरी वाटू शकते. म्हणून पाऊस सरेपर्यंत मी काहीच ठरवलं नाही. मग भिंतीची ओल काढली आणि जाऊबाईंना सांगितलं की प्रार्थनेला येईन, फॉर्म भरणार नाही.

त्या चिडल्या. “ह्यांची दारू तिथेच सुटली, ते विसरू नको.” ते खरंच आहे आणि ते मी वहीत लिहून ठेवलंय. तिथे मनापासून प्रार्थना करणारी माणसं आहेत. दारूचे परिणाम पोरांपर्यंत पोचतात हेही मी माहेरी पाहिलंय. पण परिणाम भोगणं वेगळं आणि दोषी असणं वेगळं.

वहीतली सगळी पानं काही अशी निकालात निघालेली नाहीत. दृष्ट काढण्याचं पान कोरंच आहे. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळतात. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणतात, “माझ्या आईने. आणि तिला तिच्या आईने.” फादरांना विचारलं, तर ते धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जायला निघाले तेव्हा त्यांची आईसुद्धा मीठ-मोहऱ्या घेऊन दारात उभी होती म्हणे.

“मग तुम्ही काय केलंत?”

“उभा राहिलो की. गाडी चुकली असती, पण आई काही चुकली नसती.”