फणसाला शेंडा हवाच कशाला?

फळझाडाला करवत लावायची म्हटली की हात अडखळतो, आणि बहुतेक झाडांच्या बाबतीत तो अडखळावाच. आंब्याचा मोहोर फांद्यांच्या टोकांना येतो. अवेळी टोके कापली की त्या हंगामाचे आंबे पाल्याबरोबर गेले. फणसाचा हिशेब उलटा आहे. त्याची फळे लागतात खोडाला आणि जुन्या, जाड फांद्यांना. म्हणजे वरचा सात-आठ मीटरचा भाग काढून टाकला तरी फळाची जागा शाबूत राहते. इतकी सोय दुसरे फळझाड क्वचितच करून देते, आणि तरीही घराजवळचा फणस बहुधा कोणी छाटत नाही. तो पंधरा-वीस मीटर वाढतो, आणि मग वरच्या फांदीवरचे वीस किलोचे फळ उतरवायला माणूस शोधत फिरावे लागते. नाही सापडला तर ते फळ आपल्या सवडीने खाली येते. खाली त्या वेळी काय आहे, याची चौकशी ते करत नाही.

फणस घरी लावायचा तर तो साडेतीन-चार मीटरांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे लावतानाच ठरवावे. आधी वाढू द्यायचा आणि मग आवरायचा, हा बेत बहुतेकदा फसतो.

आठळीपासून रोप करणे सोपे आहे, फक्त घाई हवी. आठळी वाळली की मेली. फळातून काढल्यावर तिच्यावरचे बुळबुळीत आवरण धुवावे आणि शक्यतो त्याच आठवड्यात पेरावी. महिन्याभराने उगवण फार घटते. दोन-तीन सेंटिमीटर खोल, आडवी ठेवून पेरली की तीन ते आठ आठवड्यांत कोंब वर येतो. एकाच फळातल्या आठळ्याही वेगवेगळ्या वेळी उगवतात, त्यामुळे पिशवी रिकामी दिसली म्हणून लगेच ओतून टाकू नये. पिशवी मात्र निदान तीस सेंटिमीटर खोल असावी. फणसाचे सोटमूळ सरळ खाली धावते, तळाशी अडले की गुंडाळते आणि गुंडाळलेले मूळ पुढे जमिनीत लावले तरी सहसा सरळ होत नाही. असे रोप दोन-तीन वर्षे जिथल्या तिथे बसून राहते आणि दोष खताला दिला जातो. लहान रोपाची पाने कधीकधी खाचांची असतात. भलतेच झाड उगवले असे वाटून ते उपटू नये, मोठेपणी पाने साधी होतात.

आठळीच्या रोपाची अडचण दुसरीच आहे. आईचे गुण मुलात येतीलच असे नाही. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाच्या आठळीतून मऊ गऱ्यांचा बरका निघू शकतो, आणि ते कळायला सात-आठ वर्षे लागतात. म्हणून जागा एकाच झाडापुरती असेल तर कलम घ्यावे. ते तीन-चार वर्षांत फळावर येते आणि फळ काय असेल हे आधीच ठाऊक असते. कलम लावताना जोड जमिनीच्या वर ठेवायचा, जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी आत रुतण्याआधी सोडायची आणि जोडाखालून येणारे फुटवे दिसताच खुडायचे. ज्यावर कलम बांधलेले असते तो खालचा खुंट जोमदार असतो. दुर्लक्ष झाले तर तो कलमाला मागे टाकतो, आणि विकत आणलेली जात कधी मेली हे लक्षातही येत नाही.

जागेबद्दल एकच अट कडक आहे: पाणी साचता कामा नये. फणसाला पाऊस आवडतो, पण मुळाशी दोन-तीन दिवस पाणी उभे राहिले तर पाने पिवळी पडून झाड खंगते, कधी पुरते मरते. निचरा नसलेल्या जागी खोल खड्डा खणणे म्हणजे झाडासाठी हौद बांधणे. तिथे उलट साठेक सेंटिमीटर उंचीचा, दीड-दोन मीटर रुंदीचा उंचवटा करून त्यावर लावावे. निचरा चांगला असेल तर साठ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात वरच्या थराची माती आणि दहा-पंधरा किलो चांगले कुजलेले शेणखत, एवढे पुरते. भिंतीपासून सहा-सात मीटर दूर. आच्छादन दहा सेंटिमीटर जाडीचे, पण खोडाला चिकटवून नाही. वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओलीने बुंध्याची साल कुजते. पहिली दोन-तीन वर्षे कोरड्या दिवसांत नियमित पाणी लागते.

आता मूळ मुद्दा. रोप एका काठीसारखे सरळ वर जाते आणि ते पाहून लावणाऱ्याला बरे वाटते. तेवढ्यातच शेंडा खुडायचा. खोड सव्वा ते दीड मीटरचे झाले की टोक कापावे. कापाखालून पाच-सहा फुटवे येतात. त्यांतले तीन-चार ठेवायचे, तेही वेगवेगळ्या दिशांना जाणारे आणि एकमेकांपासून वीस-तीस सेंटिमीटर वरखाली असलेले. सगळ्यात खालचा जमिनीपासून साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीवर असला तर बरा. निवडताना जोम पाहू नका, कोन पाहा. खोडाशी चिंचोळा कोन करून वर जाणारी फांदी दिसायला रसरशीत असते, पण तिची आणि खोडाची साल बेचक्यात एकमेकींत दबत जाते आणि लाकडाला लाकूड मिळत नाही. पुढे त्या फांदीला दोन फळे लोंबली आणि वारा सुटला की ती बेचक्यातून चिरफळ्या होऊन फाटते, खोडाची साल घेऊन. पंचेचाळीस ते साठ अंशांत बाहेर झुकलेली फांदी दिसायला मामुली असते, पण वजन तीच पेलते. या फांद्या मीटरभर झाल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. असे दोन-तीन वर्षे केले की सांगाडा तयार होतो आणि पुढचे काम केवळ राखणीचे उरते.

ही राखण वर्षातून एकदा, शेवटचे फळ उतरल्यावर करावी. झाड रिकामे असते आणि नव्या फुलोऱ्याला अवकाश असतो. पाऊस कोसळत असेल तर उघाडीची वाट पाहावी. ओली जखम बुरशीला आयती मिळते. ठरवलेल्या उंचीच्या वरचे काढा, आत वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, वाळके काढा, आणि जाड फांद्यांवरून सरळसोट वर निघालेले पानसोट काढा. पण एका वर्षात एक तृतीयांशाहून जास्त पाला कापू नये. फळ खोडावर वाढत असले तरी त्यातली साखर पानांतच तयार होते. पाला गेला की फळे येतात, पण लहान आणि फिकी. शिवाय सावलीत वाढलेल्या सालीवर एकदम ऊन पडले की ती भाजते, फुटते आणि तिथून खोडकिडा शिरतो. ऊन पडणारच असेल तर उघड्या पडलेल्या भागाला चुना फासावा.

छाटताना खोडावर एक गोष्ट हमखास चुकते. खोडावर जिथे आधी फळे लागली होती तिथे आखूड, गाठाळ डहाळ्या असतात. त्या कुरूप दिसतात म्हणून खोड साफसूफ करण्याच्या हौसेपायी लोक त्या सालीसकट तासतात. पुढच्या फुलोऱ्याचे कोंब बहुधा त्याच जागेच्या आसपास येणार असतात. वाळलेला देठ काढावा, पण साल दुखावू नये.

जाड फांदी एका घावात कधीच कापू नये. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप द्यायचा. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी मोडून पडते पण खालची साल खोडापर्यंत सोलत जात नाही. शेवटी उरलेला खुंट, फांदीच्या बुडाशी जो किंचित फुगीर कडा असतो त्याच्या लगेच बाहेर कापायचा. कडा कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत नेतो. मोठ्या जखमेला बोर्डो मलम, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावावे: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतायचे, भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस पुट चढले तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. मलम ताजेच वापरायचे.

आधीच ताडमाड वाढलेल्या फणसाचे काय? त्याचे एका दिवसात मुंडके उडवू नये. उंची तीन वर्षांत उतरवावी, दर वर्षी एक-दोन मोठ्या फांद्या. दरवेळी कापाखाली फुटव्यांचे झुडूप माजेल. कोवळे असतानाच त्यातले एक-दोन ठेवून बाकीचे बोटांनी मोडावेत. ते आळसाने राहिले की मूळ उंची परत येते, तीही कमकुवत जोडांवर. मांडीएवढ्या जाडीच्या फांद्या आणि विजेच्या तारा हे काम शिडी आणि हौस यांच्या भरवशावर करायचे नसते.

फुलोरा सुरू झाला की कात्री बंद. फणसाची नर आणि मादी फुले एकाच झाडावर, पण वेगळ्या फुलोऱ्यांत असतात. नर फुलोरे बारीक डहाळ्यांवरही येतात, त्यामुळे उशिरा केलेल्या छाटणीत परागच कमी होतो. नर फुलोरा पराग सांडून झाला की काळा पडतो, त्यावर बुरशी येते आणि तो गळतो. दर वर्षी कोणी ना कोणी ‘फळे काळी पडून गळतात’ म्हणून औषध शोधत असतो. आधी देठ पाहावा. मादी फुलोऱ्याचा देठ जाड असतो आणि त्याच्या वरच्या टोकाला कड्यासारखी वळी असते. असे जाड देठाचे फळ काळे पडत असेल तर ती खरी कूज. ते काढून दूर टाकावे आणि एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना, फवारावे. फळ एका बाजूला खोलगट झाले तर बहुधा तिथल्या फुलांना पराग मिळाला नाही. प्रत्येक गरा एका फुलाचा असतो. फळ न धरलेल्या फुलांचे गऱ्यांमधले चपटे धागे होतात.

एका देठावर घोस लागला तर एकच फळ ठेवावे. फळे एकमेकांना टेकली की त्या फटीत फळ पोखरणारी अळी बसते. कलमाला पहिल्या वर्षी दोन फळे पुष्कळ झाली, बाकीची कोवळी असतानाच काढावीत. हे कोणालाच जिवावर आल्याशिवाय होत नाही.

फळ तयार झाले की काटे बसके आणि विरळ दिसतात, देठाजवळचे पान पिवळे पडते, थापटल्यावर बद आवाज येतो. देठ आठ-दहा सेंटिमीटर ठेवून कापावा, पिरगाळू नये, आणि चीक निथळेपर्यंत फळ देठ खाली करून ठेवावे.

हा चीक छाटणीतही प्रत्येक कापातून येतो आणि पाण्याने जात नाही, उलट पसरतो. करवत, कात्री आणि हात यांना काम सुरू करण्यापूर्वीच तेल चोळावे. मधून मधून तेलाच्या फडक्याने पाते पुसावे, संपल्यावर आधी तेल आणि मग साबण. दुसऱ्या झाडाला हात घालण्यापूर्वी पात्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवावा. कपडे जुने घालावेत, कारण कापडावरचा चीक वाळला की तो डाग कायमचा.